बाळंतिणीने उडा घातलेलं पेपर सूप प्यावं का? लागोसच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, आधी अभिनंदन. तुमचा प्रश्न लांबलचक आहे, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. नायजेरियात लागोसला तीन आठवड्यांपूर्वी तुमचं सिझेरियन झालं, शेवटच्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून निफेडिपिन चालू आहे, सोबत लोहाच्या गोळ्या, आणि बाळ पूर्ण अंगावर पितंय. शेजारच्या इग्बो घरातल्या मम्मा रोज दुपारी डब्यातून तिखट सूप, म्हणजे इथलं पेपर सूप, आणतात, त्यात उडा आणि उझिझा हे पश्चिम आफ्रिकेतले मसाले असतात, त्या म्हणतात याने पोट आतून साफ होतं आणि दूध उतरतं. सांगलीहून तुमची आई व्हिडिओ कॉलवर ओरडतेय की ते कसलं जंगली फळ आहे, ताबडतोब बंद कर. त्यात मम्मांनी जिनमध्ये उडा भिजवलेली एक बाटलीही दिलीय, रोज एक टोपण घ्यायला. आणि पुढच्या महिन्यात गरोदर नणंद राहायला येतेय, तिला हेच सूप चालेल का असं तुम्ही विचारलंय.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, पुण्यात सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेतच आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकायची सवय आहे. उत्तर एका वाक्यात हवं असेल तर सूप चालेल, बाटली नको, नणंदेला दोन्ही नको. पण ‘का’ हे कळल्याशिवाय ना तुमची आई ऐकणार ना मम्मा, म्हणून पुढचं सगळं लिहितेय.

तुम्हाला वाटतंय की प्रश्न ‘उडा चांगला की वाईट’ असा आहे. खरं तर कुठल्याही मसाल्याबद्दल विचारायचं असतं ते किती, कशात काढलेला, आणि कुणाला. आपल्याकडचं जायफळच घ्या, श्रीखंडात चिमूटभर घातलं तर कुणाला काही होत नाही, पण एक-दोन अख्खी जायफळं किसून खाल्ली तर माणूस भ्रमात जातो, छाती धडधडते, हॉस्पिटलात न्यावं लागतं. फळ तेच, फरक प्रमाणाचा. उड्याचंही तसंच आहे, फक्त त्याच्याबद्दल माणसांवर केलेला अभ्यास जायफळापेक्षाही तोकडा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तर उडा म्हणजे झायलोपिया एथिओपिका नावाच्या उंच झाडाची फळं. झाड सीताफळ-रामफळाच्या कुळातलं, त्यामुळे आईंना ‘जंगली’ वाटलं तरी नात्याने अगदीच परकं नाही. सुकी फळं काळपट तपकिरी, बोटाच्या दोन पेरांएवढ्या बारीक वाकड्या शेंगांसारखी, झुपक्याने येतात आणि प्रत्येक बीच्या जागी थोडी फुगलेली असतात. मोडली की आत किडनीच्या आकाराच्या कडक चकचकीत बिया, त्या कडू. वास मात्र बियांपेक्षा सालीत जास्त, थोडा मिऱ्यासारखा, थोडा राळेसारखा, आणि बऱ्याचदा धुराचा, कारण ही फळं धुरावर सुकवतात. योरुबा लोक याला एरू म्हणतात, हौसा किंबा, घानात अकान भाषेत ह्वेंतिया, सेनेगलमध्ये जार. सेनेगलचं ‘काफे तूबा’ म्हणून जे प्रसिद्ध पेय आहे ना, मुरीद पंथाच्या तूबा शहराच्या नावाचं, त्यात कॉफीच्या बियांबरोबर हाच जार भाजून दळतात आणि तिथे रस्त्यावर सकाळपासून लोक तेच पितात. मध्ययुगात ही फळं मिऱ्याच्या ऐवजी युरोपातही जायची.

हे मुद्दाम सांगितलं, कारण आईंची पहिली भीती ‘हे विष तर नाही ना’ अशी असते. इतक्या देशांत इतकी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मसाला म्हणून खातात आणि त्यातून काही ठळक त्रास पुढे आलेला नाही, हा एक पुरावा आहे. मात्र तो कितपत पुरावा आहे तेही बघा. रोज खाऊन लगेच उलट्या होत नाहीत, माणसं पटापट आजारी पडत नाहीत, एवढं त्यातून कळतं. बाळंतिणीचा गर्भाशय लवकर आकसतो का, दूध वाढतं का, गरोदर बाईला धोका आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळं बघावं लागतं.

आता मम्मांचं म्हणणं घेऊ. इग्बो लोकांत ‘ओमुग्वो’ नावाची पद्धत आहे, मुलीचं बाळंतपण झालं की तिची आई येऊन राहते, बाळाला न्हाऊ घालते, बाळंतिणीला शेकते आणि खाऊ घालते. सूप त्यातलंच. तुम्हाला जे येतंय ते बहुतेक ‘जी म्मिरी ओकू’ असणार, म्हणजे तिखट पातळ रश्श्यात शिजवलेले याम कंदाचे तुकडे आणि सुकी मासळी. उडा आचेवर जरा भाजून, ठेचून त्यात घालतात, उझिझाचे दाणे कुटून, आणि वाढताना उड्याची सालं बाजूला काढतात. तुमच्या आई डिंकाचे लाडू, आळिवाची खीर आणि बाळंतशोपा ज्या हक्काने पाठवतात त्याच हक्काने मम्मा हे आणतायत, त्यामुळे रागावू नका. तुम्हाला इथे माहेरचं माणूस नाही म्हणून त्या आल्या आहेत, ही मला तरी मोठी गोष्ट वाटते.

पण ‘पोट आतून साफ होतं’ याबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही. बाळ झाल्यावर गर्भाशय आकसतो तो शरीरातल्या ऑक्सिटोसिनने, आणि बाळ अंगावर प्यायला लागलं की ते आपोआप सुटतं, म्हणून पाजताना सुरुवातीला ओटीपोटात कळा येतात. अंगावरून जाणं आधी लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट पांढरं होत चार ते सहा आठवड्यांत थांबतं. सिझेरियनमध्ये तर बऱ्याचदा वार काढल्यावर डॉक्टर आतून पुसूनही घेतात. साफ करायला उरतं काय? उड्याने माणसाचा गर्भाशय जास्त आकसतो असं दाखवणारा नीट अभ्यास माझ्या पाहण्यात नाही.

आणि याच समजुतीत खरा धोका आहे, उड्यात तेवढा नाही. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांनी अचानक पुन्हा लाल रक्त वाढलं, गाठी पडायला लागल्या, तर घरातली मोठी माणसं म्हणतात, चांगलंय, घाण बाहेर पडतेय, अजून सूप दे. तसं नसतं हो. वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, आणि हा रक्तस्राव बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, लिंबाएवढी किंवा मोठी गाठ पडली, वास यायला लागला, ताप 100.4 च्या वर गेला, टाक्यातून पू आला, एक पाय सुजून दुखायला लागला, यातलं काहीही झालं तर सूप, लाडू, फोनवरचा सल्ला सगळं बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठायचं. लागोसच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून लवकर निघायचं, हे वेगळं सांगायला नको.

दुधाचं काय? उड्याने दूध वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. पण सूप पिऊन दूध वाढल्यासारखं वाटतं हे मात्र मी बायकांकडून नेहमी ऐकते आणि ते खोटं आहे असंही म्हणत नाही. मोठा वाडगाभर गरम पातळ पदार्थ, त्यात मासे, कंद, आणि कुणीतरी बाळ धरून ‘तू जेव आधी’ म्हणणारं. दिवसभर पाणी प्यायला विसरणाऱ्या, धड न जेवणाऱ्या बाईला याने फरक पडणारच. श्रेय मात्र मी उड्यापेक्षा वाडग्याला देईन. दूध खरंच पुरतंय का हे बाळाच्या वजनावरून आणि ओल्या नॅपींवरून ठरवा, छाती जड वाटते का यावरून नको.

बाळाला दुधातून काही जाईल का? वास आणि चव थोडी जाते, लसणाच्या बाबतीत हे अभ्यासून झालंय. उड्याच्या तेलात सिनिओल नावाचा घटक कमी-जास्त प्रमाणात असतो, निलगिरीच्या तेलात मुख्य असतो तोच, आणि तोही आईच्या दुधात उतरतो हे दिसलंय. सुपातून जाणारी मात्रा अगदी थोडी. बाळ जास्त किरकिर करतंय, जुलाब होतायत असं वाटलं तर चार दिवस सूप थांबवून बघा, फरक पडला तर पडला. पण एक करू नका. उड्याचं असो की निलगिरीचं, कुठलंही उग्र तेल बाळाच्या नाकाला किंवा छातीला लावू नका. एवढ्या लहान बाळांना सिनिओलच्या तेलांनी श्वासाचा त्रास होऊ शकतो.

आता ती बाटली. सूप आणि बाटली यात मला एवढा फरक का वाटतो ते नीट सांगते, कारण मम्मांना दोन्ही सारखंच वाटतं, फळ तर तेच आहे ना म्हणून.

उड्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं द्रव्य म्हणजे झायलोपिक ॲसिड. 1968 साली एकाँग आणि ओगान या दोन नायजेरियन रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना प्रसिद्ध केली आणि पुढे घानात, विशेषतः कुमासीच्या विद्यापीठात, त्यावर बरंच काम झालं. हे द्रव्य पाण्यात फारसं उतरत नाही, अल्कोहोलमध्ये छान उतरतं. म्हणजे पाण्याच्या रश्श्यात दोन-तीन फळं उकळून सालं काढून टाकली तर पोटात जाते ती मुख्यतः चव, वास आणि थोडंसं बाकीचं. तीच मूठभर फळं जिनमध्ये आठवडेच्या आठवडे भिजत ठेवली की तुम्ही घरच्या घरी अर्क काढलात. मसाला राहिला नाही तो, औषध झालं, आणि असं औषध ज्याचा डोस कुणालाच माहीत नाही.

प्राण्यांवरचे प्रयोग बहुतेक अशाच अर्कांवर झालेत. दुखणं आणि सूज कमी होणं, साखर उतरणं असे चांगले निष्कर्ष त्यात आहेत, आणि त्याच प्रयोगांच्या रांगेत नर उंदरांचे शुक्राणू कमी होणं, गाभण मादीचे गर्भ गळणं हेही आहे. लोक पहिला अर्धा भाग व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि दुसरा सोडून देतात. आता उंदराचा आकडा माणसाला कसा लावायचा, त्याचा एक ढोबळ हिशेब असतो. समजा उंदराला किलोमागे 100 मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी तो आकडा साधारण सहाने भागायचा, म्हणजे किलोमागे 16 मिलिग्रॅम, 60 किलोच्या बाईला जवळजवळ एक ग्रॅम अर्क. फळाच्या वजनाच्या दहावा हिस्सा अर्क निघतो असं धरलं तर तेवढ्यासाठी दहा ग्रॅम सुकी फळं लागतील. सुपातल्या दोन-तीन फळांनी, तीही पाण्यात उकळून काढून टाकलेली, तुम्ही त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. बाटलीतून रोज टोपण-टोपण घेतलं तर कुठे पोहोचाल हे मी सांगू शकत नाही आणि मम्माही सांगू शकणार नाहीत. हा हिशेब ढोबळ आहे, पण सुपाला हो आणि बाटलीला नाही म्हणताना माझ्या डोक्यात हेच गणित असतं.

शिवाय जिन कुठली? दुकानातली सीलबंद असेल तरी अंगावर पाजणाऱ्या बाईने रोज घ्यायचं कारण नाही. आणि ओगोगोरो, म्हणजे इथली घरगुती गावठी दारू, असेल तर अजिबातच नको. 2015 मध्ये ओंडो आणि रिव्हर्स राज्यांत मिथेनॉलची भेसळ झालेल्या गावठी दारूने बरीच माणसं दगावली होती, मम्मांना विचारलंत तर त्यांनाही आठवेल. बाजारात ‘वुम्ब क्लेन्झर’, म्हणजे गर्भाशय साफ करणारं, म्हणून कॅप्सूल आणि बिटर्स (कडू अर्क) मिळतात त्यांनाही हेच लागू. पाकिटावर नॅफडॅकचा, म्हणजे इथल्या सरकारी अन्न-औषध खात्याचा, नंबर आहे म्हणून लोक निर्धास्त होतात, पण हर्बल मालाला तो बहुतेक ‘लिस्टिंग’चा, म्हणजे नुसत्या नोंदीचा, असतो आणि तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे दावे नॅफडॅकने तपासलेले नाहीत. तेवढी ओळ वाचा.

आता तुमच्या बीपीकडे येते, कारण प्रश्नात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गरोदरपणातलं बीपी बाळ झाल्यावर लगेच जात नाही, सहा आठवड्यांपर्यंत त्यातून गुंतागुंत होऊ शकते. आणि इथे सुपातला दोषी उडा नाहीच, दोषी आहे सीझनिंग क्यूब, म्हणजे चवीसाठी रश्श्यात टाकायची तयार वडी. लागोसमध्ये पेपर सूप क्यूबशिवाय होत नाही, एका भांड्यात दोन-तीन सहज पडतात, आणि क्यूबचा निम्म्याहून जास्त भाग नुसतं मीठ असतं. त्यात वरून मीठ, खारवलेली मासळी असेल तर तेही. आई ‘जंगली फळा’वर चिडतेय आणि खरा प्रॉब्लेम चकचकीत कागदात गुंडाळून स्वयंपाकघरात बसलाय. मला कुणी सुपातली एकच गोष्ट काढायला सांगितली तर मी उडा ठेवून क्यूब काढेन.

दुसरं, उझिझा. हे मिऱ्याचं आणि विड्याच्या पानाचं सख्खं भावंड आहे, आणि मिऱ्यातलं पायपरीन यातही असतं. पायपरीनमुळे यकृतातली काही औषधं मोडणारी यंत्रणा मंदावते आणि औषध रक्तात जास्त राहतं, फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलीन यांच्या बाबतीत हे माणसांत दिसलंय. निफेडिपिन ज्या एन्झाइमने मोडतं त्यालाही पायपरीन प्रयोगशाळेत अडवतं. सुपातल्या चिमूटभर उझिझाने तुमची गोळी बिघडेल असं मला वाटत नाही, पण कुणी उझिझाची पावडर चमचा-चमचा मधातून घ्या म्हणालं तर नको. आणि आणखी एक गंमत, निफेडिपिनने चेहरा लाल होतो, गरम वाफा येतात, धडधडतं, आणि तिखट सुपानेही अगदी हेच होतं. त्यामुळे ‘सूप प्यायले की बीपी वाढल्यासारखं वाटतं’ यावर जाऊ नका, मशीन घ्या. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, आणि वहीत लिहून ठेवा. 140/90 च्या वर राहायला लागलं तर डॉक्टरला कळवा, 160/110 आलं किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगड्यांखाली दुखतंय तर त्याच तासाला हॉस्पिटल. निफेडिपिन मनाने बंद करू नका, ‘हर्बल चालू केलंय आता’ म्हणून तर नाहीच.

लोहाच्या गोळ्यांनी आधीच पोट घट्ट झालेलं असतं, त्यात रोजचं झणझणीत म्हणजे मूळव्याधीला आमंत्रण. टाके ओढले जाईपर्यंत कुंथायची वेळ आणू नका. मिरची अर्धी करायला सांगा, पाणी प्या. आणि मम्मा गरम पाण्याच्या टॉवेलने पोट दाबून शेकत असतील तर नॉर्मल डिलिव्हरीतही ते भाजणार नाही एवढंच ठीक, सिझेरियनच्या टाक्यावर तर नाहीच नाही. कंबर, पाय शेकू देत हवे तेवढे.

उडा घरात आणायचा झालाच, म्हणजे तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर, माईल ट्वेल्व्ह किंवा ओयिंगबो, कुठल्याही बाजारातून घ्या पण पावडर घेऊ नका, अख्खी फळं घ्या. मोडली की कट्‌कन तुटली पाहिजेत, वाकत असतील तर ओल आहे. आत पांढरी-हिरवी बुरशी, कुबट वास, किड्याची भोकं दिसली तर दुकानदाराशी वाद न घालता पुढे चला. पावसाळ्यात लागोसच्या दमट हवेत हा माल लवकर खराब होतो आणि बुरशीचं विष उकळून जात नाही. फार काळा कुळकुळीत, नुसता धुराचाच वास येणारा मालही मी घेत नाही, धुराची काजळी खाण्यात काय अर्थ आहे. घरी हवाबंद डब्यात ठेवा. एका भांड्याला दोन-तीन फळं पुरतात, ठेचून घाला आणि वाढण्याआधी काढा, बिया खायच्या नसतात.

राहिली नणंद. तिला उडा नको, सुपातलाही नको. प्राण्यांमधले निष्कर्ष वर सांगितले, ते अर्काचे आहेत आणि सुपाला जसेच्या तसे लागू होत नाहीत हे मीच म्हणाले, मग तिला नाही का? कारण तुमच्या आणि तिच्या बाबतीत चुकलं तर होणारं नुकसान सारखं नाही. तुमच्या पोटात आता गर्भ नाही. तिच्या पोटात आहे, आणि सुरक्षित मात्रा किती ते कुणी ठरवलेलं नाही, मग एका चवीसाठी जुगार कशाला. आणि मजा म्हणजे यात मम्मा तुमच्याच बाजूने असतील. इथल्या जुन्या बायका गरोदरपणी उडा देत नाहीत, तो ‘खाली उतरवतो’ असंच मानतात, म्हणून तर बाळंतपणानंतर देतात. नणंदेसाठी मम्मांना उडा वगळून, आलं आणि थोडी मिरची घालून ताज्या माशांचं सूप करायला सांगा, त्या आनंदाने करतील. ज्यांना मूल हवंय आणि प्रयत्न चालू आहेत अशा जोडप्यांनाही, बाई असो की पुरुष, अर्क आणि कॅप्सूल टाळा असंच मी सांगते.

एका गोष्टीवर माझं उत्तर बदलू शकतं. तुम्ही रक्त पातळ करायची इंजेक्शनं घेताय का, लिव्हर किंवा किडनीचा काही त्रास निघालाय का, फिट्सचं औषध चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातलं काही असेल तर सुपाचंही तुमच्या डॉक्टरला आधी विचारा, आणि विचारताना ‘हर्बल सूप’ असं मोघम म्हणू नका, उडा आणि उझिझा ही नावं घ्या, इथल्या डॉक्टरांना ती लगेच कळतात.

बाटली परत करणं तुम्हाला अवघड जाईल हे माहितेय. सरळ सांगा की डॉक्टरने बीपीच्या गोळीबरोबर दारू बंद सांगितलीय, ते खरंही आहे आणि त्यात त्यांचा अपमानही नाही. सुपाचं पिजिनमध्ये, म्हणजे इथल्या बोली इंग्रजीत, सांगायचं असेल तर ‘मम्मा, अबेग, नो पुट मॅगी, पेपे स्मॉल’ एवढं पुरे, इथे सगळ्याच क्यूबना मॅगी म्हणतात. आईंना उद्याच्या कॉलवर मम्मांशीच बोलायला लावा, भाषा जमणार नाही पण बाळ कसं धरायचं यावर दोघींचं लगेच जुळेल. आणि आठवडाभराचे बीपीचे आकडे झाले की इथेच टाका, निफेडिपिन किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा तेही लिहा, मग बघू.